काळ्या दगडाचं पीठ

"बाये, पाय थयच ठेव. जमीन अजून ओली असा."

तारकाकी पाठमोरी बसून माजघर सारवत होती. मी ओसरीच्या पायरीवर, मांडीवर नकाशा पसरून. शेणात नारळाच्या सोडणांची, म्हणजे वरच्या सालांची, जाळून केलेली काळी पूड कालवायची आणि त्याने जमीन सारवायची ही तिकडची रीत. वाळल्यावर ती जमीन अशी काळीभोर आणि गुळगुळीत होते की, तिच्यावर पाऊल टाकायला आपल्याला संकोच वाटतो. काकी उजव्या हाताने सारवत होती, पण अंगठा वर धरून. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, सुपारी कातरताना अडकित्ता लागला.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, सरकारी खात्यात भूवैज्ञानिक म्हणून लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. मी अक्कलकोटची, वैजयंती मैंदर्गी. आमच्याकडे माती काळी, दगड काळा आणि उन्हाळा सहन न होणारा. तिथून उचलून मला सिंधुदुर्गातल्या आसनवे गावी पाठवलं, तेव्हा आईने डबाभर शेंगाचटणी बरोबर दिली आणि माशांच्या देशात मुलगी उपाशी मरणार म्हणून डोळे पुसले.

उपाशी मरायची वेळ आली नाही, कारण धुरीवाडीतल्या तारामती धुरींनी, म्हणजे तारकाकीने, मला आपल्या घरी ठेवून घेतलं. आदल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे तीन आठवडे राहिले. सकाळी हातोडा घेऊन मागच्या टेकडीवर जायचं, दगड गोळा करायचे, संध्याकाळी ओसरीवर बसून ते तपासायचे. त्या टेकडीला गाव तेंब म्हणतं. काकी शेजारी बसून तांदूळ निवडत असायची आणि मला प्रश्न विचारायची. तिला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं, आणि चौकशीची मात्र दांडगी हौस होती. हे पांढऱ्या लादीवर दगड काय घासतेस, असं तिने विचारलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं होतं. दगडाचा वरचा रंग खरा नसतो काकी, त्याच्या पिठाचा रंग खरा. लादीवर घासला की पीठ पडतं. रेघ तांबडी उमटली की समजायचं, लोखंडाचा दगड.

माझ्या रेघा तांबड्या उमटल्या होत्या.

म्हणून मी अहवालात लिहिलं की, तेंबाच्या जांभ्याखाली जो काळा, जड खडक आहे तो लोहखनिजाचा असण्याची दाट शक्यता आहे. प्रयोगशाळेत तुकडे धाडले, त्यांच्यातही लोखंड भरपूर निघालं. वरिष्ठांनी सही केली. कागद पुढे सरकला आणि चार महिन्यांत एका खाणवाल्या कंपनीचा अर्ज आला. धुरीवाडीतल्या अकरा घरांना जमिनी घेण्याच्या नोटिसा गेल्या.

आता मी परत आले होते ती त्याच कामासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे वरिष्ठ, खोब्रागडेसाहेब, जीप घेऊन येणार होते. ते आणि मी मिळून ड्रिलिंगच्या जागा आखायच्या होत्या. मशीन तालुक्याच्या गावी येऊन उभं होतं. ते वर चढवायला रस्ता कापावा लागणार होता, आणि तेंबाची दुसरी बाजू सरळ कड्याची असल्यामुळे तो रस्ता झऱ्याच्या तोंडावरूनच जाणार होता. त्या झऱ्याच्या पाटावर अकरा घरांच्या पोफळीच्या बागा उभ्या होत्या. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपत खाली जायचं, खालच्या कठीण काळ्या खडकावर अडायचं आणि त्या एका जागी बाहेर यायचं. तिथे सुरुंग लावला की पाणी कुठे जाईल, हे कुणालाच सांगता आलं नसतं. हे मला कळत होतं, कारण तो झरा तिथे का आहे, हे वाडीत फक्त मलाच ठाऊक होतं.

वाडीतली माणसं या खेपेला माझ्याशी बोलत नव्हती. सरकारी माणूस म्हणून रागावली असतील, अशी मी मनाची समजूत घातली. अहवाल माझा आहे हे त्यांना कळायचं काही कारण नाही, असं मी धरून चालले होते. काकीने मात्र नेहमीची खोली झाडून दिली, नेहमीची पेज वाढली. हिला कळलं तर काय, या एका विचाराने मी दोन दिवस अर्धपोटी उठत होते, आणि ती उलट मला आणखी आमटी वाढत होती.

"तुझो तो तेंबावरचो काळो दगड मी कुटून बघलंय," सारवता सारवता काकी म्हणाली. "म्हटलंय, जमनीक बरो रंग येतलो. खयचो काय. भायरसून काळोकुट्ट, पीठ बघशीत तर पांढुरका."

मी नकाशावरून मान वर केली नाही. कुठला दगड, असं सहज विचारलं.

"तोच गो. तू त्या लादयेर घासी होतंस तो."

"पांढुरकं कसं असेल, काकी? तांबडं असेल."

"तांबडी ती वरची माती. धुतल्याशिवाय कुटतंत काय दगड? धुतलंय, फोडलंय, आतलो घेतलंय." तिने हाताने कोनाड्याकडे खूण केली. "थय वाटयेत असा. बघ जा. पण कडेकडेन जा, जमीन ओली असा."

मी भिंतीला चिकटून कडेकडेने गेले. कोनाड्यात पितळेची वाटी होती आणि वाटीत मूठभर पीठ. तांदळाच्या पिठात चिमूटभर राख आणि थोडा हिरवट रंग मिसळावा तसं. मी ते बोटांत चोळलं. खरखरीत होतं. त्यात तांबडं काहीही नव्हतं.

लोहखनिजाचं पीठ तांबडं असतं किंवा काळं असतं. पांढुरकं, हिरवट, राखी पीठ म्हणजे लोखंडाचा दगड नव्हेच.

मग मला हिवाळ्यातली ती शेवटची संध्याकाळ आठवली. अंगात ताप होता, दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. होती आणि तीस नमुने बाकी होते. मी ते पोत्यातून काढून तसेच लादीवर घासत गेले होते. धुतले नव्हते. फोडले नव्हते. तिकडे सगळ्यावर जांभ्याची तांबडी धूळ असते, कपड्यांवर, कुत्र्यांवर, भिंतींवर, माझ्या वेणीतसुद्धा. तुकड्यांवर तर जांभ्याची सालच होती. मी दगड घासलाच नव्हता, वरची तांबडी माती घासली होती. प्रयोगशाळेत गेले तेही त्याच सालीचे तुकडे, आणि जांभ्यात लोखंड असतंच. काळ्या मातीत वाढलेल्या पोरीला धूळ अशी दगा देईल हे सुचलं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात की, रेघ ताज्या फोडीची घ्यावी. मी ते विसरले होते आणि अहवालाखाली ऐटीत सही केली होती.

हातोडा, भिंग, पाण्याची बाटली आणि लादीचा तुकडा पिशवीत टाकून मी तशीच तेंबावर धावले. काकीने कुठे चाललीस म्हणून विचारलंसुद्धा नाही.

झऱ्याच्या बाजूला खडक उघडा होता. दहा-बारा घाव घातले तेव्हा एक चांगली ढलपी सुटली. आत लांबट, काळ्या, काचेसारख्या चमकणाऱ्या काड्या एकमेकींत घुसून बसल्या होत्या. मी ढलपी उन्हात धरून हळूहळू फिरवली. खनिज जिथे सहज फुटतं ते सपाट पृष्ठभाग एकापाठोपाठ एक लकाकले, आणि त्यांच्यामधला कोन तिरपा होता. आमच्याकडच्या काळ्या पाषाणात जे गडद खनिज असतं ते जवळजवळ काटकोनात फुटतं, बर्फीच्या वडीसारखं. हे शंकरपाळ्यासारखं फुटलं होतं. मी भिंगातून पाच ठिकाणी पाहिलं. पाचही ठिकाणी शंकरपाळंच.

हॉर्नब्लेंड. जगात सगळीकडे सापडणारं, कुणाच्या काही उपयोगाचं नसलेलं, साधं काळं खनिज. त्यात लोखंड असतं थोडं, पण ते इतकं बांधलेलं असतं की काढायला कुणी जात नाही. ढलपी धुतली, लादीवर घासली. राखी, फिकट रेघ. पुन्हा घासली. तीच. पिशवीत पडून राहिलेला हिवाळ्यातला एक तांबडा, न धुतलेला तुकडा घासला, तर झक्क तांबडी रेघ. त्याच तुकड्याला पाटाच्या पाण्यात बुडवून, फोडून, आतून घासलं, तर फिकट.

मी झऱ्यात पाय सोडून बसले. एक विचार तेव्हा मनात आला, तो सांगून टाकते, कारण तो आला होता. गप्प बसलं तर काय होईल? महिनाभराने ड्रिलिंग होईल, आतून हेच निघेल, खाणवाले हात झटकून जातील. अंदाज चुकला एवढंच म्हणतील. अंदाज तर सगळ्यांचेच चुकतात, नोकरीही कायम होईल. फक्त तोवर रस्ता कापून झालेला असेल आणि मी पाय सोडून बसले होते ती जागा राहिलेली नसेल. मला स्वतःची इतकी लाज वाटली की, पाणी थंड असूनही कान तापले.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला जीप आली.

खोब्रागडेसाहेब भंडाऱ्याचे, पन्नाशीचे, उंच आणि कमी बोलणारे. ते हसले तर ऑफिसात बातमी व्हायची. खिशात रुमालात गुंडाळलेली स्वतःची लादी बाळगायचे आणि तिला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही. सरळ झऱ्यापाशी नेलं.

"सर, हे लोहखनिज नाही," मी म्हटलं. "हॉर्नब्लेंडचा खडक आहे. मी नमुने न धुता रेघ घेतली होती. चूक माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खडकाकडे पाहिलं. मग पँट दोन घड्या वर घेऊन उकिडवे बसले, माझ्याच हातातला हातोडा घेतला आणि स्वतः ढलपी काढली. पाण्यात धुतली, रुमालाने पुसली, उन्हात फिरवली. मग खिशातली लादी काढून रेघ ओढली. आणखी एक ढलपी. आणखी एक रेघ. असं त्यांनी सहा वेळा केलं. मी प्रत्येक रेघ बघत उभी होते.

"या दगडाच्या नावात जर्मन लोकांनी फसवणारा असा शब्द घातला आहे," शेवटी ते म्हणाले. "माहीत आहे तुम्हाला?"

मी नाही म्हटलं.

"जुन्या खाणीतले लोक. धातू समजून खणत जायचे, हाती काही लागायचं नाही. तुम्ही काही पहिल्या नाही, मॅडम." त्यांनी लादी पुन्हा रुमालात गुंडाळली. "त्या अहवालावर माझी सही आहे. मी येऊन पाहिलं होतं का?"

"नाही, सर."

"मग? एकट्याच का माझी चूक, माझी चूक म्हणून राहिल्या तुम्ही?"

मला तिथेच रडू फुटलं. साहेबांनी लगेच तोंड फिरवून पोफळी मोजायला सुरुवात केल्यासारखं केलं. रडणाऱ्या माणसासमोर काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी वेळ घालवला नाही. काकीच्या ओसरीवर चटई टाकून मला लिहायला बसवलं. मी लिहिलं की, नमुने ताज्या फोडीचे नव्हते, धुतलेले नव्हते, रेघ आणि पृथक्करण दोन्ही जांभ्याच्या सालीचं होतं, खडक हॉर्नब्लेंडचा आहे, आणि ही चूक माझ्या हातून झाली. साहेबांनी ते वाचलं, "माझ्या हातून" खोडून "आमच्या हातून" केलं आणि खाली सही ठोकली. ड्रायव्हरला चिठ्ठी देऊन जीप तालुक्याला पिटाळली. मशीन परत पाठवा, आखणी रद्द. जीप परत येईपर्यंत आम्ही दोघंही ओसरीवर बसून राहिलो. काकीने पेज, भाजलेला सुका बांगडा आणि आमसुलाची कढी आणून ठेवली. साहेबांनी बांगड्याकडे संशयाने पाहिलं आणि मग तीन खाल्ले. मी त्या दिवशी दोन दिवसांचं जेवले.

पुढे माझी नोकरी कायम व्हायला सहा महिने उशीर झाला. एवढ्यावर निभावलं. अर्ज बारगळला, नोटिसा मागे आल्या, आणि तो झरा अजूनही तसाच वाहतो आहे. निवृत्त झाल्यावर मी मुद्दाम जाऊन बघून आले.

पण गोष्ट संपली ती त्याच दुपारी, निघताना. जीप आली होती, साहेब पुढे जाऊन बसले होते. मी वाकून काकीच्या पाया पडले आणि मग मला राहवेना. म्हटलं, हे एकदा बोलून टाकलंच पाहिजे.

"काकी, तो कागद माझा होता. नोटीस आली ना तुम्हाला, ती माझ्यामुळे."

"ठावक असा."

"कधीपासून?"

"नोटीस वाचूक मास्तर इल्ले, तेव्हापासून. मागच्या पानार खाली तुझा नाव होता."

म्हणजे वाडीतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून ती माणसं बोलत नव्हती. आणि हिने खोली झाडून दिली होती, आमटी वाढली होती.

"मग मला काही बोलला का नाहीत?"

"बोललंय मां," काकी म्हणाली. "पिठाचा बोललंय."

मी वळून दारातून पाहिलं. आत माजघराची जमीन वाळून आरशासारखी काळी झाली होती. कोपऱ्यात जळक्या सोडणांच्या पुडीचा डबा काठोकाठ भरलेला होता.

"ते तर जमिनीसाठी कुटलं होतं ना तुम्ही?"

"जमनीक दगड कोण लावता गो? सोडणां काय कमी असत?" तिने पदर खांद्यावर घेतला. "तूच सांगलंस, वरचो रंग खरो नाय, पिठाचो खरो. म्हटलंय, बघूया तरी कुटून. पण शिकलेल्या चेडवाक 'तू चुकलंस' म्हणान कसा सांगतलंय?"

तो खडक किती कठीण आहे, हे माझ्या हातांना माहीत होतं. पोलादी हातोड्याने दहा-बारा घाव घातल्यावर एक ढलपी निघाली होती. तिच्याकडे नारळ सोलायची कोयती होती आणि पाटा-वरवंटा. मी तिचा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठ्यावरची चिंधी सोडली. नख काळंनिळं पडलं होतं, अंगठा चेचून दुप्पट सुजला होता. अडकित्त्याने सुपारी कातरताना असं होत नाही. अडकित्ता कापतो, चेचत नाही.

"किती दिवस कुटत होता?"

"चार-पाच दिस," ती म्हणाली. "कठीण असा हो तुझो दगड."

बाहेर साहेबांनी हॉर्न वाजवला. मग पुन्हा एकदा वाजवला. मी पिशवीतून आयोडिनची बाटली काढली, तिला पायरीवर बसवलं आणि तो अंगठा धुवून, पुसून नीट बांधायला घेतला. साहेबांना थांबावं लागलं.